मोहाची भट्टी, सरकारी दुकान आणि अहाता : पांढुर्णा-सौसर भागातील दारूच्या पारखीचा इतिहास

सातपुड्याचे पठार दक्षिणेकडे उतरत जाऊन नागपूरच्या मैदानाला मिळते, त्या पट्ट्यात सौसर आणि पांढुर्णा हे दोन तालुके आहेत. देवगडचे गोंड राज्य, नागपूरकर भोसले, १८५३ मध्ये तिसऱ्या रघुजींच्या मृत्यूनंतर आलेला इंग्रजी अंमल आणि १८६१ मध्ये स्थापन झालेला मध्य प्रांत अशा क्रमाने या मुलखावरील सत्ता बदलत गेली, तरी मैदानातील शेतकऱ्याची भाषा मराठीच राहिली आणि डोंगराकडच्या वस्त्यांत गोंड समाजाने आपली देवस्थाने व रीतिरिवाज टिकवून धरले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेले आणि हा भाग छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशात राहिला; २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा करण्यात आला. संत्री, कापूस आणि जाम नदीवरची गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा, यांमुळे हा भाग बाहेर ओळखला जातो. येथील दारूचा इतिहास मात्र एक तर अबकारीच्या, म्हणजे मादक पदार्थांवरील कराच्या, अहवालांत आकड्यांच्या रूपाने आढळतो किंवा व्यसनमुक्तीच्या साहित्यात दुःखाच्या रूपाने.

या दोन्ही प्रकारच्या लेखनात पिणारा माणूस येतो तो खपाचा एक अंश म्हणून किंवा उद्धाराचा विषय म्हणून. चांगली दारू कोणती, वाईट कोणती, कोणत्या भट्टीवरची प्यावी, कोणत्या दुकानाकडे फिरकू नये, याविषयी त्याला काही मत असू शकते आणि ते मत हाही इतिहासाचा पुरावा आहे, ही गोष्ट फारशी कोणी गृहीत धरलेली नाही. ती गृहीत धरली तर गेल्या पावणेदोनशे वर्षांचा क्रम वेगळा दिसतो: दारू कमी-जास्त होण्याच्या बरोबरीने, किंबहुना त्याहून अधिक ठळकपणे, दारूची पारख करण्याचा अधिकार पिणाऱ्याच्या हातून कसा निसटत गेला याचा तो क्रम आहे.

या भागातील दारू म्हणजे मुळात मोहाची दारू. मोह हा पानझडी जंगलातील आणि शेताच्या बांधावरील मोठा वृक्ष असून मार्च-एप्रिलमध्ये, पाने गळून गेलेली असताना, तो फुलतो. फिकट पिवळसर, मांसल, गोड वासाची ही फुले रात्री आणि पहाटे आपोआप गळतात, त्यामुळे ती तोडावी लागत नाहीत, वेचावी लागतात. त्यासाठी झाडाखालचा पालापाचोळा आधीच झाडून किंवा जाळून जमीन मोकळी केली जाते, आणि उन्हे वर येण्यापूर्वी बायका व मुले टोपल्या घेऊन झाडाखाली येतात. वेचलेली फुले अंगणात पसरून वाळवली की ती तपकिरी होऊन मनुकांसारखी आकसतात आणि पुढे कित्येक महिने टिकतात. त्यांत साखरेचे प्रमाण इतके मोठे असते की टंचाईच्या दिवसांत ती शिजवून किंवा भाजून अन्न म्हणून खाल्ली जात, गुरांनाही घातली जात, आणि बाजारात धान्याच्या मोबदल्यातही दिली जात. दारू हा या फुलाच्या अनेक उपयोगांपैकी एक उपयोग आहे, आणि मोहाकडे केवळ दारूचे झाड म्हणून पाहणाऱ्या कायद्यांची पहिली चूक तेथेच होते. मुंबई इलाख्यात १८९२ च्या मोहरा कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत खुद्द फूल जवळ बाळगण्यावर निर्बंध आले. मध्य प्रांतात मात्र गरिबाचे अन्न म्हणून फूल सामान्यतः मोकळे राहिले आणि निर्बंधाचा सारा रोख भट्टीवर राहिला.

दारू गाळण्याची घरगुती रीत वरवर सोपी वाटते, पण तिच्यात निर्णयाच्या जागा पुष्कळ आहेत. वाळलेली फुले पाण्यात भिजवून मडक्यात काही दिवस आंबवली जातात. या आंबलेल्या मिश्रणाला सडवा म्हणतात. थंडीत सडवा तयार व्हायला अधिक दिवस लागतात, उन्हाळ्यात कमी. बुडबुडे येणे थांबले आणि गोडी उतरून किंचित तुरट-आंबट चव आली की तो चुलीवर चढवायचा. उतावळेपणाने चढवला तर उतारा कमी पडतो आणि उशीर झाला तर दारूला शिरक्याचा आंबूसपणा येतो. सडव्याच्या मडक्यावर दुसरे भांडे बसवून सांधे चिखलाने लिंपले जातात, वाफ बांबूच्या नळीतून बाहेर नेऊन गार केली जाते, किंवा वर थंड पाण्याचे भांडे ठेवून आतल्या आतच थेंब धरले जातात. वरचे पाणी तापले की बदलावे लागते, आणि जितक्या वेळा पाणी बदलून गाळत राहावे तितकी पुढची दारू पातळ होत जाते. मराठीत पहिल्या धारेची दारू असे जे म्हटले जाते ते याच क्रमावरून. जाळ मोठा झाला तर फुले बुडाशी लागून दारूला करपट वास येतो, आणि जाणकाराला तो पहिल्या घोटाआधीच कळतो.

पारखीच्या खुणा ठरलेल्या होत्या. बाटली हलवून वर येणारे बुडबुडे किती वेळ टिकतात हे पाहणे, चार थेंब विस्तवावर टाकून ज्योत कशी उठते ते पाहणे, तळहातावर चोळून मोहाचा वास राहतो की नुसता उग्रपणा राहतो हे हुंगणे, या चाचण्या शेतमजूरही करी आणि गावचा पाटीलही. त्यांहून महत्त्वाची हमी अशी की गाळणारा आणि पिणारा एकाच गावात राहत, बहुधा एकाच मडक्यातले पीत, आणि वाईट दारू गाळणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच लोकांना तोंड दाखवावे लागे. गोंड समाजात ही दारू जन्म, लग्न, मृत्यू आणि देवकार्य या प्रसंगी लागते, आणि पिण्यापूर्वी काही थेंब जमिनीवर देवाला व पूर्वजांना सांडण्याची रीत आहे. ज्या पदार्थाचा पहिला वाटा देवाचा, तो निष्काळजीपणे करून चालत नाही, ही भावना दर्जा राखण्याच्या कामी कोणत्याही तपासनिसापेक्षा कमी नव्हती.

बाहेरून आलेल्यांपैकी फार थोड्यांनी या दारूच्या चवीबद्दल काही लिहून ठेवले आहे. कॅप्टन जेम्स फोर्सिथ हे त्यांपैकी एक. १८६२ मध्ये पचमढीच्या डोंगरावर पोहोचलेल्या या अधिकाऱ्याचा मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ प्रदेशावरील ग्रंथ १८७१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी असा अभिप्राय दिला आहे की नीट गाळलेली आणि काही काळ मुरलेली मोहाची दारू मुळीच तुच्छ लेखण्याजोगी नसते आणि काही अंशी ती आयरिश व्हिस्कीची आठवण करून देते. हे मत दोन कारणांनी मोलाचे आहे. एक तर ते ‘नीट गाळलेली’ आणि ‘मुरलेली’ अशा अटी घालते, म्हणजे चांगली आणि वाईट यांत फरक करते. दुसरे असे की तेच फोर्सिथ त्याच ग्रंथात कलारांच्या दुकानांनी गोंडांची जी दैना केली तिच्याविषयी कळकळीने लिहितात. दारूची चव मान्य करणे आणि दारूच्या व्यापाराचा दोष पाहणे या दोन गोष्टी एकाच माणसाला साधल्या, हे पुढच्या शंभर वर्षांतील लेखन वाचताना सतत आठवावे असे आहे.

व्यापाराची घडी समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. दारू गाळून विकणे हा कलार समाजाचा परंपरागत धंदा होता, आणि कलाली या शब्दाने तो धंदा, त्याचे दुकान आणि त्यावरील कर या तिन्हींचा बोध होई. एखाद्या टापूतील दारूचा हक्क ठरावीक रकमेच्या मोबदल्यात मक्त्याने, म्हणजे ठेक्याने, देण्याची रीत देशी राज्यांत रूढ होती आणि इंग्रजांनी सुरुवातीला तीच चालू ठेवली. मक्तेदार गावोगाव भट्ट्या लावी व त्याच ठिकाणी विक्री करी; अबकारीच्या भाषेत याला बाह्य भट्टीची पद्धत म्हणत. तिचा गुण असा की दारू ताजी, मोहाची आणि जवळची असे. दोष लिलावात होता: बोली जितकी चढे तितका खप वाढवल्याशिवाय मक्तेदाराची रक्कम निघत नसे, त्यामुळे तो उधारीवर दारू देई, मोबदल्यात धान्य, फुले आणि अखेरीस जमीन घेई. याचे खापर एका जातीच्या स्वभावावर फोडणारे लेखन पुष्कळ झाले आहे. परंतु चढ्या बोलीचा लाभ सरकारी तिजोरीला होत होता आणि उधारी वाढवण्याची सक्ती त्या बोलीतूनच येत होती, हे ध्यानात घेतले तर तो निवाडा टिकत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सदर भट्टीची पद्धत आली. जिल्ह्याच्या किंवा मोठ्या गावाच्या ठिकाणी सरकारी आवार उभारून त्यातच दारू गाळायची, बाहेर पडताना दर गॅलनवर कर द्यायचा आणि मग ती दुकानात न्यायची, असा तिचा क्रम होता; दूरच्या रानवट भागांत बाह्य भट्ट्या त्यानंतरही चालू राहिल्या. १९०५-०६ मध्ये नेमलेल्या अबकारी समितीनंतर ठेक्याच्या कारखान्यांची पद्धत देशभर पसरली, ज्यात एकच मोठा ठेकेदार मोठ्या प्रदेशाला पुरवठा करी आणि गावचे दुकान केवळ विक्रीचे ठिकाण बनले. मध्य प्रांताचा अबकारी कायदा १९१५ मध्ये झाला आणि तोच पुढे मध्य प्रदेशाचा अबकारी कायदा म्हणून, अनेक दुरुस्त्यांसह, पांढुर्णा-सौसरमध्ये अजून लागू आहे. त्या काळी छिंदवाडा जिल्ह्यात छिंदवाडा आणि सौसर असे दोनच तालुके होते, आणि कापूस व ज्वारी पिकवणारा, रोख मजुरी देणारा सौसर तालुका दुकानदाराच्या दृष्टीने डोंगराळ भागापेक्षा लाभाचा होता.

या व्यवस्थेबरोबर एक उपकरण आले आणि त्याने पारखीचा अर्थच बदलला. दारूत बुडवून तिची तीव्रता मोजण्याच्या धातूच्या तरकाट्याला, १८१६ च्या ब्रिटिश कायद्याने मान्यता मिळालेल्या रचनेवरून, साइक्सचा हायड्रोमीटर म्हणत. त्याची मोजणी प्रूफ या प्रमाणावर चाले. शंभर प्रूफ म्हणजे घनफळाने सुमारे ५७ टक्के अल्कोहोल, आणि त्याहून सौम्य दारू जितके अंश खाली तितके अंश अंडर प्रूफ. त्या हिशेबाने २५ अंडर प्रूफ म्हणजे ४२.८ टक्के. कर आकारण्यासाठी ही मोजणी अचूक आणि न्याय्य होती यात शंका नाही, पण करपट वास, आंबलेला सडवा, शिळी फुले यांतले काहीच तिला दिसत नव्हते. अधिकाऱ्याच्या नोंदवहीत दारू तीव्र किंवा सौम्य एवढीच राहिली आणि चांगली किंवा वाईट हा प्रकार कागदावरून नाहीसा झाला. दुकानदारानेही मग तेवढेच सांभाळले: अंश बरोबर असले की माल बरोबर.

हे उपकरण ज्या देशातून आले तेथे या प्रश्नाला वेगळे वळण मिळाले, म्हणून थोडी तुलना उपयोगी ठरते. इंग्लंडमधील पब म्हणजे सार्वजनिक मद्यगृह. १८३० च्या बिअरगृह कायद्याने दोन गिनी भरणाऱ्या कोणाही करदात्याला बिअर विकण्याची मुभा दिल्यापासून त्यांची संख्या फार वाढली, आणि अनेक पब आपली बिअर मागच्या अंगणात स्वतःच करीत, म्हणजे ते एका अर्थाने बाह्य भट्ट्याच होते. पुढे मोठ्या कंपन्यांनी पब विकत घेतले, आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर पिंपात जिवंत राहणारी, पबच्या तळघरात दुसऱ्यांदा आंबणारी आणि हातपंपाने ओढली जाणारी जुनी बिअर मागे पडून, गाळून निर्जंतुक केलेली व वायूच्या दाबाने भरलेली बिअर सर्वत्र आली. १९७१ च्या सुमारास स्वतःची बिअर करणारे जुने पब चारच उरले होते: हेल्स्टनचे ब्लू अँकर, बिशप्स कासलचे थ्री टन्स, मॅडलीचे ऑल नेशन्स आणि नेदर्टनचे ओल्ड स्वान. त्याच वर्षी चार तरुणांनी जुन्या बिअरच्या रक्षणासाठी एक संघटना काढली, १९७३ पासून ती ‘रिअल एल’ची, म्हणजे पिंपातल्या जिवंत बिअरची, चळवळ म्हणून ओळखली जाऊ लागली, आणि १९७४ पासून तिची पबांची मार्गदर्शिका छापील पुस्तकाच्या रूपाने निघू लागली.

या मार्गदर्शिकेचे वैशिष्ट्य असे की कोणता पब नोंदवायचा हे पिणारे सदस्य ठरवतात. ते स्वखर्चाने जातात, पिंप ताजे आहे की उतरलेले, तळघर थंड आहे की कोमट, नळ्या धुतल्या जातात की नाही, मालक ग्राहकाशी कसा वागतो, हे पाहून मत देतात, आणि एका वर्षी नोंदवलेला पब दर्जा घसरल्यास पुढच्या वर्षी वगळतात. सरकार तेथेही होतेच. १९१५ मध्ये, म्हणजे मध्य प्रांताचा अबकारी कायदा झाला त्याच वर्षी, युद्धकाळातील मद्य नियंत्रण मंडळाने पबच्या वेळांवर कात्री लावली आणि दुपारची सक्तीची बंदी १९८८ पर्यंत टिकली. परंतु कर, वेळ आणि परवाना हे सरकारचे व चव पिणाऱ्याची, अशी वाटणी त्या समाजात शेवटी मान्य झाली. मध्य प्रांतात साहेबाचा हायड्रोमीटर आला, परवाना आला, लिलाव आला. तक्रार करणारा ग्राहक मात्र कोणाच्याच योजनेत नव्हता, आणि सौसरच्या बाजाराला आलेला गोंड किंवा कुणबी मजूर दुकानदाराला दारू परत देऊ शकेल अशी कल्पनाही कोणी केली नाही.

त्याच्या वतीने जे बोलले ते सुधारक होते, आणि त्यांचे कारण खोटे नव्हते. असहकाराच्या काळात, ६ जानेवारी १९२१ रोजी, महात्मा गांधी छिंदवाड्यात आले. त्या वर्षी नागपुरात दारूच्या दुकानांसमोर निरोधने झाली आणि मद्यपाननिषेध हा काँग्रेसच्या कार्यक्रमाचा ठळक भाग बनला. वऱ्हाड-नागपूरच्या मराठी मुलखात गाडगेबाबांचे कीर्तन आणि पुढे तुकडोजी महाराजांचे भजन यांनी दारूविरुद्ध जो आवाज उठवला तो अहवालांपेक्षा कितीतरी खोल पोहोचला, कारण गाडगेबाबांचे वडील दारूपायी गेले होते आणि त्यांच्या बोलण्यात ते दुःख होते. मारहाण, कर्ज आणि रिकामी चूल यांचा हिशेब घरातील बाईला द्यावा लागतो. पहाटे फुले वेचणारी तीच आणि संध्याकाळी त्याच फुलांच्या दारूचा मार खाणारीही तीच, हे वास्तव कोणत्याही चवीच्या चर्चेत झाकता येत नाही. १९३७ मध्ये प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले आणि १९३८ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडचा दारूबंदी कायदा झाला.

मात्र बंदीच्या बाजूने आणि विरुद्ध झालेल्या त्या वादात एक तिसरी बाजू मांडली गेली, ती आज अधिक लक्षपूर्वक वाचली जावी. मंडला भागातील करंजिया व पाटणगड येथे मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विन आणि त्यांचे मराठी सहकारी शामराव हिवाळे यांनी गोंड व परधान समाजांत दीर्घ काळ काम केले. हिवाळे यांचा परधानांवरील ग्रंथ १९४६ मध्ये आला. एल्विन यांनी आदिवासींवर दारूबंदी लादण्यास विरोध केला, कारण देवकार्यातील आणि सणातील मोहाची दारू ही दुकानातील दारूपासून वेगळी गोष्ट आहे असे त्यांचे म्हणणे होते. प्रांतातील आदिवासींच्या स्थितीचा सनदी अधिकारी डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांचा सविस्तर अहवाल १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही अबकारीचा प्रश्न आला आहे. घरी गाळलेले आणि दुकानातून आणलेले यांत भेद करणारा हा विचार पुढे केंद्र सरकारच्या धोरणात शिरला: १९७० च्या दशकाच्या मध्यावर आदिवासी भागांत दारूची व्यापारी विक्री थांबवावी आणि पारंपरिक पेय घरगुती वापरासाठी करू द्यावे अशी मार्गदर्शक तत्त्वे राज्यांना देण्यात आली. पहिल्या भागाचे काय झाले ते कोणत्याही दुकानाच्या लिलावाच्या रकमेवरून कळते.

दरम्यान दुकानातली दारू बदलून गेली होती. साखर कारखान्यांची मळी आणि पुढे धान्य यांपासून तयार केलेला शुद्ध मद्यार्क पाण्याने सौम्य करून, रंग व अर्क मिसळून बाटलीत भरणे स्वस्त पडू लागले, आणि देशी या नावाखाली जे विकले जाते त्यात मोहाचे फूल उरले नाही. मध्य प्रदेशातील दुकानात तिचे दोन प्रकार प्रचलित झाले, प्लेन आणि मसाला, आणि १८० मिलिलिटरच्या बाटलीला पाव म्हणण्याची रीत पडली. सीमेपलीकडच्या महाराष्ट्रात संत्र्याच्या अर्काची देशी लोकप्रिय आहे, आणि ज्या पट्ट्यात नागपुरी संत्र्याच्या बागा मैलोगणती पसरल्या आहेत त्या पट्ट्यातील माणसाने संत्र्याची चव बाटलीतल्या अर्कातून घ्यावी ही खेदाची गोष्ट आहे. सौसरजवळच्या बोरगाव औद्योगिक क्षेत्रात अलीकडे धान्यापासून इथेनॉल काढणारा मोठा कारखाना उभा राहिला, तो वाहनांच्या इंधनासाठी. गाळण्याचे तंत्र या भागातून गेलेले नाही, फक्त त्याचे ग्राहक बदलले आहेत.

दोन राज्यांच्या सीमेमुळे पिण्याच्या जागांचाही वेगळा इतिहास घडला. विदर्भाला पुढे मुंबईचा १९४९ चा दारूबंदी कायदा लागू झाला, ज्यात पिणाऱ्यालाच परवाना लागतो. बंदी सैल झाल्यावर त्यातून परमिट रूम ही खास महाराष्ट्रातील जागा निर्माण झाली. मध्य प्रदेशात १९१५ च्या कायद्याखाली परवाना विक्रेत्याला असतो, आणि तेथे दुकानाला लागून असलेल्या आवारात, अहात्यात, बसून पिण्याची सोय रूढ झाली. पत्र्याचे छप्पर, सिमेंटचे बाक, चणे-फुटाणे व उकडलेली अंडी विकणारा माणूस, पाण्याची टाकी आणि आत शिरण्यापुरती फट ठेवलेली भिंत असे त्याचे सर्वसाधारण रूप होते. त्यात सौंदर्य नव्हते, स्वच्छता तर नव्हतीच, आणि बायकांना त्याच्यासमोरून जाणे नकोसे वाटे. तरीही आठवडी बाजाराच्या दिवशी शेतमालक, हमाल आणि डोंगरातून उतरलेला गोंड एका बाकावर बसत अशी ती एक मोजकी जागा होती. माजी मुख्यमंत्री उमा भारती यांच्या दारूविरोधी मोहिमेनंतर राज्य सरकारने १ एप्रिल २०२३ पासून राज्यातील अडीच हजारांहून अधिक अहाते बंद केले. १ एप्रिल २०२५ पासून ज्या धार्मिक गावांत दारूविक्री थांबवली गेली त्यांत तापीचे उगमस्थान असलेले मुलताई हे पांढुर्ण्याचे शेजारी गावही आहे.

अहाते बंद झाल्याने दारू थांबत नाही, ती रस्त्याच्या कडेला, शेताच्या बांधावर आणि घरात सरकते, असा आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. त्याहून गंभीर धोका अवैध दारूचा आहे, कारण हातभट्टी हा शब्द आता मोहाच्या सडव्यासाठी कमी आणि काळा गूळ, नवसागर व त्याहून वाईट पदार्थ घातलेल्या झटपट मालासाठी अधिक वापरला जातो. मिथेनॉल, म्हणजे औद्योगिक वापराचा विषारी मद्यार्क, मिसळलेल्या दारूने २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभराच्या आसपास आणि जानेवारी २०२१ मध्ये मध्य प्रदेशातील मुरैना जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे मेली. त्यानंतर राज्याने अबकारी कायद्यात दुरुस्ती करून विषारी दारूने मृत्यू घडवणाऱ्यास फाशीपर्यंतची शिक्षा ठेवली. ज्या गावात लोक दारू हुंगून, थेंब विस्तवावर टाकून पारखत होते, तेथेही या विषासमोर जुनी परीक्षा चालत नाही, कारण मिथेनॉलही पेट घेते आणि बाटली पाहून काही कळत नाही.

या पार्श्वभूमीवर राज्याने मोहाच्या दारूला हेरिटेज मद्य, म्हणजे वारशाचे मद्य, असा दर्जा देऊन आदिवासी बचतगटांना ती गाळून बाटलीत भरण्याची परवानगी दिली. अलिराजपूर जिल्ह्यात मोंड आणि दिंडोरी जिल्ह्यात मोहुलो या नावांनी असे मद्य २०२३ च्या सुमारास बाजारात आले. दीडशे वर्षांनी प्रथमच शासनाने मोहाच्या दारूबद्दल महसुलाखेरीज दुसरा शब्द उच्चारला, याचे स्वागत केले पाहिजे. तरी हे मद्य मुख्यतः पर्यटकांच्या व शहरी ग्राहकाच्या डोळ्यांसमोर आहे, त्याची किंमत आणि बाटली त्या बेताची आहे, आणि ज्या आजीला सडवा कधी चढवायचा हे न विचारता कळते तिच्या पारखीला त्यात कोणते स्थान आहे, हे गटागटावर अवलंबून राहील.

पांढुर्णा तालुक्यातील पटवारी हलक्यांचा, म्हणजे तलाठी सज्जांचा, मोठा भाग आणि सौसरमधील काही गावे घटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्रात येतात, आणि पांढुर्णा विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. पंचायतींविषयीचा १९९६ चा पेसा कायदा अशा क्षेत्रातील ग्रामसभेला दारूबंदी करण्याचा किंवा दारूची विक्री व सेवन नियंत्रित करण्याचा अधिकार देतो. मध्य प्रदेशाने त्याचे नियम १५ नोव्हेंबर २०२२ रोजी लागू केले. त्यानुसार दुकान हवे की नको हे ग्रामसभा ठरवू शकते, त्यात फुले वेचणारी बाई आणि दारू पिणारा पुरुष दोघांचेही मत समान मोजले जाते, आणि घरगुती वापरासाठी मोह गाळण्याची आदिवासींची सवलत त्याबरोबर टिकून आहे. त्या सवलतीत विक्रीचा समावेश नाही, म्हणून एप्रिलमध्ये वाळवलेली फुले सौसर-पांढुर्ण्याच्या बाजारात व्यापाऱ्याला विकता येतात, पण त्याच फुलांची नीट गाळलेली, मुरलेली दारू त्याच बाजारात परवान्याशिवाय विकणे अजूनही गुन्हा आहे, आणि तेथून काही पावलांवरच्या परवानाधारक दुकानात प्लेन व मसाला मिळतात.